मुलगी म्हणतेय इंजिनिअरिंग अॅडमिशनच्या कॅप फॉर्ममध्ये कॅटेगरी नको, ओपनच भर. काय करू?

माणदेशी_आई
नमस्कार. जरा लांबलंय पण वाचा प्लीज. मुलीला सीईटीला पीसीएममध्ये ९७.८ पर्सेंटाइल आहेत, इंजिनिअरिंगच्या कॅप राऊंडचं रजिस्ट्रेशन चालू आहे आणि परवा शेवटची तारीख. आम्ही एससी. जातीचा दाखला, व्हॅलिडिटी म्हणजे जात पडताळणीचं प्रमाणपत्र, सगळं तयार आहे. त्या व्हॅलिडिटीसाठी मिस्टरांनी दीड वर्ष चकरा मारल्यात. एससीला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा लागतो, मग सासऱ्यांच्या थोरल्या भावाचा १९४८ सालचा उतारा गावच्या मराठी शाळेतल्या जनरल रजिस्टरमधून काढला, पान इतकं जीर्ण होतं की गुरुजींनी खाली पुठ्ठा धरून उलटलं, आणि नावापुढे जात लिहिलेली दिसली तसे हे तिथंच बाकावर मटकन बसले.

आणि आता मुलगी म्हणतेय ते काही जोडू नकोस, ओपनच भर. क्लासमधल्या मैत्रिणी म्हणाल्या म्हणे, तुझं काय गं, तुला कुठंपण लागेल. त्या दिवशी घरी येऊन जेवली नाही. दोन वर्षं पहाटे साडेचारला उठून अभ्यास केलाय तिने, मी बघितलंय. एससी भरलं की सीट एससीचीच मिळते का? आणि तिचं ऐकावं का? मला खरंच कळत नाहीये.

एफसी_वाला
ताई, मी एका कॉलेजच्या फॅसिलिटी सेंटरला (एफसी) असतो, तिथं अॅडमिशनचे फॉर्म तपासतात, दरवर्षी पाच-सहा पोरं तरी हेच विचारतात. एससी भरलं म्हणजे सीट एससीचीच असं अजिबात नाही. सिस्टीम आधी मेरिटने ओपनची सीट बसते का बघते, नाही बसली तरच कॅटेगरीची. ओपनमधून लागली तर अलॉटमेंट लेटरवर सीट टाइप जीओपनएस येतो, एससीतून लागली तर जीएससीएस किंवा मुलींचा एलएससीएस. म्हणजे कँडिडेटची कॅटेगरी एससी आणि सीट ओपनची असं सर्रास असतं. राखीव प्रवर्गातला उमेदवार स्वतःच्या मेरिटवर आला तर त्याला कोट्यात मोजायचं नाही हे १९९२ च्या इंद्रा साहनी निकालातच आहे. ओपन म्हणजे कुणा एका समाजाची जागा नाही, ती सगळ्यांसाठी खुली असते, हे निम्म्या पालकांना माहीतच नसतं.
ओपन भरलंत तर मात्र नंतरच्या राऊंडला मागे फिरता येत नाही, आणि महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर फ्रीशिपला, म्हणजे फीमाफीला, गोंधळ होतो तो वेगळाच. हातातली व्हॅलिडिटी घरी ठेवू नका.

कृष्णाकाठ
ताई, मी दुसऱ्या बाजूचा. मराठा, दोन एकर जिरायत. तुमच्या मुलीवर राग नाही, पण माझंही ऐका. माझ्या तीन पोरांना तीन वेगळे नियम लागले. मोठ्याच्या वेळी २०१९ ला एसईबीसी म्हणजे मराठा आरक्षण होतं, आधी १६ टक्के, हायकोर्टाने शिक्षणात १२ केलं. ५ मे २०२१ ला सुप्रीम कोर्टाने तो कायदाच रद्द केला म्हणून मधली ईडब्ल्यूएसमधून, म्हणजे आर्थिक दुर्बलांच्या कोट्यातून गेली, आणि आता धाकट्याला २०२४ च्या कायद्याचं १० टक्के. प्रत्येक वेळी तहसीलला नवीन कागद, नवीन रांग. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ ला करवीर संस्थानात नोकरीच्या ५० टक्के जागा मागासांसाठी ठेवल्या त्यात आमचाही समाज होता, त्यामुळे आरक्षणच नको असं मी कधी म्हणणार नाही. पण आज ज्याच्या घरात पैसा नाही त्याला आधी द्या, जात कुठलीही असो, असं मनापासून वाटतं.

रोस्टर_पॉइंट
कृष्णाकाठ दादा, पोरांच्या कागदांचं तुम्ही म्हणता ते शंभर टक्के पटतं. पण गरिबीचं म्हणाल तर ईडब्ल्यूएसचे १० टक्के २०१९ पासून आहेतच. जातीचं दुखणं वेगळं आहे हो. मी १९९६ ला एससीच्या जागेवरून इंजिनिअरिंगला लागलो, आता सरकारी खात्यात आहे. होस्टेलला पहिल्या रात्री सिनिअरने नाव विचारायच्या आधी रँक विचारली, आणि रँकवरून जात काढली. वडील तेव्हा बँकेत कॅशियर होते, पैशाची अडचण नव्हती आम्हाला. तरी ती रात्र चुकली नाही. आणि पुढे चार वर्षं पेपर तोच, पासिंग तेच ४०, कुणी एक मार्क सोडला नाही.
नोकरीतही लोकांना वाटतं सगळीकडे आरक्षण आहे. खाजगी कंपन्यांत नाही. सरकारी भरतीत बिंदुनामावलीप्रमाणे (कुठली जागा कुठल्या प्रवर्गाची ते ठरवणारा तक्ता, रोस्टर) जागा काढाव्या लागतात, पण भरतीच कंत्राटी केली की कसलं आरक्षण? २०२३ ला बाह्ययंत्रणेकडून कंत्राटी भरतीचा जीआर निघाला होता, पोरं रस्त्यावर आली तेव्हा ऑक्टोबरमध्ये रद्द केला. भांडायचं तर आपण सगळ्यांनी मिळून यावर भांडू.
ताई, लेकीला सांगा, लाज वाटायची तर ती रँक विचारणाऱ्याला वाटू दे.

एडिसनकर
न्यू जर्सीतून लिहितोय. इथे कॉलेज प्रवेशातला वंशाचा कोटा १९७८ च्या ‘बाकी’ (Bakke) नावाच्या खटल्याच्या निकालापासूनच बंद आहे, अर्ज बघताना वंश हा एक मुद्दा धरायचे एवढंच. २९ जून २०२३ ला सुप्रीम कोर्टाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या केसमध्ये तेही थांबवलं. पुढच्याच वर्षी एमआयटीच्या नव्या बॅचमध्ये कृष्णवर्णीय मुलं आधी सुमारे १३ टक्के असायची ती ५ वर आली, आशियाई ४० वरून ४७ वर गेले. आपल्या ग्रुपमध्ये बऱ्याच जणांनी पेढे वाटल्यासारखे मेसेज टाकले, मला ते वाईट वाटलं. कारण माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकतं माप देणं बऱ्याच खाजगी विद्यापीठांत चालूच आहे आणि त्यावर कुणी चकार शब्द काढत नाही. बापाच्या डिग्रीवर आत गेलेल्या पोराला कधीच कुणी विचारत नाही की बाबा तू कुठल्या कोट्यातून आलास.

माणदेशी_आई
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री तिला सगळे रिप्लाय वाचायला दिले, रोस्टर दादांचा दोनदा वाचला तिने. मग म्हणाली तो १९४८ चा उतारा बघू. घडीवरून फाटत आलाय म्हणून प्लास्टिकमध्ये ठेवलाय, तो हातात घेऊन नाव मोठ्याने वाचलं, मग वडिलांना विचारलं हे किती शिकले, तर तिसरीपर्यंत. पुढे काही बोलली नाही. अकरा वाजता स्वतः लॅपटॉप घेऊन बसली, कॅटेगरीत एससी निवडलं, व्हॅलिडिटी अपलोड केली, फॉर्म ई-स्क्रुटिनीला, म्हणजे ऑनलाइन तपासणीला गेला.
कृष्णाकाठ दादा, धाकट्याचं कुठं लागतंय ते नक्की कळवा. आणि एफसी दादा, आता ऑप्शन फॉर्मवरून (कॉलेज-ब्रँचच्या पसंतीची यादी) बापलेकीचं वाजलंय, तिला पुण्यात ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम) हवंय आणि हे म्हणतात सांगलीत कॉम्प्युटर घे. मागच्या वर्षीचे कटऑफ कुठं बघायचे तेवढं सांगा.