मदत हवी आहे: मॉक्टेझुमाचा पिसांचा झगा नक्की कोणाचा?

केतकी_प: दिवाळी अंकाचा लेख परवा द्यायचाय आणि एका ओळीवर अडलेय. जुन्या पुस्तकांत हा झगा मॉक्टेझुमाचा, म्हणजे मेक्सिकोच्या अ‍ॅझ्टेक राजाचा. नव्या लिखाणात ब्राझीलचा. काय लिहू? प्लीज लवकर सांगा.

भटका: व्हिएन्नातला ना? तो झगा नाहीच, शिरोभूषण आहे. क्वेट्झल पक्ष्याची लांब हिरवी पिसं. १५९६च्या यादीत त्याची नोंद 'मूरांची टोपी' अशी होती.

केतकी_प: व्हिएन्ना नाही हो, ब्रसेल्स! लालभडक आहे.

नंदा_वाचते: हे आधी सांगायचंस ना! तो तुपिनांबांचा, ब्राझीलच्या किनाऱ्यावरच्या लोकांचा. पिसं लाल शराटी पक्ष्याची (स्कार्लेट आयबिस), दाट जाळीवर एकेक बांधलेली. अगदी अशाच बांधणीचे झगे कोपनहेगनला आहेत. त्यांतला एक २०२४मध्ये रिओला परत गेला.

भटका: पिसं व्यापारात कुठेही फिरतात. नुसत्या पक्ष्यावरून ठाम कसं म्हणता?

नंदा_वाचते: नुसता पक्षी कुठे म्हटलं? बांधणी, आकार, सगळंच जुळतंय. मॉक्टेझुमाचं नाव मागाहून चिकटलंय, त्याला आधार नाही.

रानवारा: पिसांना कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या ठेवू नका. घट्ट पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये ठेवा. माझ्या मोरपिसांना फरक पडला.

केतकी_प: रानवारा, झगा माझ्याकडे नाहीये हो.

सातारकर: वाघनखांचंही तेच. २०२४ला साताऱ्यात आली तीसुद्धा उसनी. हीच ती महाराजांची, याची खातरजमा करता आलेली नाही, असं लंडनचं म्युझियमच म्हणतं. तरी आपल्याला बघायला मिळाली याचा मला आनंदच आहे.

भटका: सातारकर, त्यासाठी वेगळा धागा काढा. केतकी, 'मॉक्टेझुमाचा म्हणून ओळखला जाणारा' असं लिही, म्हणजे वाद नको.

नंदा_वाचते: अजिबात नको! तसं लिहिलं की वाचकाच्या डोक्यात मॉक्टेझुमाच राहतो. तुपिनांबा आजही ब्राझीलच्या बाहिया राज्यात आहेत. त्यांच्यातल्याच कलाकार ग्लिसेरिया तुपिनांबा यांनी जुने झगे अभ्यासून नवे विणलेत. पहिलं नाव तुपिनांबांचंच हवं.

केतकी_प: ठरलं. 'तुपिनांबांचा झगा, जो दीर्घकाळ मॉक्टेझुमाच्या नावावर खपला.' आता एकच राहिलं, तो ब्राझीलहून ब्रसेल्सला कोणाच्या हातून आला?

नंदा_वाचते: तिथे कागदपत्रांची साखळी तुटते. उगाच एखादा राजा घुसवू नकोस, मोकळं सोड.