पहिलीतली कोरकू मुलं: मराठीसाठी हाताने करायचे खेळ सुचवा

धारणी तालुक्यातील शिक्षिका
पहिलीचा वर्ग माझ्याकडे आहे. मुलं घरी कोरकूच बोलतात. बाराखडी एका सुरात म्हणतात, पण ‘दप्तर कुठे ठेवलंस?’ विचारलं की नुसती बघत राहतात. तक्ते झाले, कार्डं झाली. हाताने काही करता येईल असे खेळ सांगा. पावसामुळे वर्गातच बसावं लागतं, आणि खर्चाला पैसे नाहीत.

चिखलदऱ्याकडचे सर
ताई, आधी बोलायला लावूच नका. कोरकू मुंडा भाषाकुळातली, मराठी मात्र हिंदीसारखी इंडो-आर्यन. हिंदी बोलणाऱ्या मुलाला जे अंदाजाने उमगतं ते यांना उमगत नाही. सुरुवातीला फक्त कृती: ‘ऊठ’, ‘दाराला हात लाव’, ‘खडू मला दे’. आधी तुम्ही करून दाखवा. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स अ‍ॅशर यांनी १९६० च्या दशकात मांडलेली ही पद्धत आमच्याकडे फार लागू पडते.

मग थैली. जाड कापडाची घ्या, आत मक्याचं कणीस, सरकी, चिंचोके, वाळलेली मोहफुलं. मूल डोळे मिटून हात घालतं, चाचपतं आणि नाव कोरकूत सांगतं. सांगू द्या! लगेच तुम्ही म्हणा, ‘हो, कणीस. खरखरीत आहे.’ दोन-चार मुलांनंतर एखादं आपणहून दाण्यांवर अंगठा घासत ‘खरखरीत, खरखरीत’ म्हणू लागतं. कोरकू बोललं म्हणून मुलाला गप्प करणारेही पाहिलेत. फार जीव तुटतो. ती पोरं मग मराठीतही तोंड उघडत नाहीत.

वर्ध्याची अंगणवाडीताई
आमचे पोट्टे घरी वऱ्हाडी बोलतात, तरी तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल खूप कामी येतो. ‘बैल पाटीवर ठेव’, ‘टेबलाखाली लपव’, ‘माझ्या मागे उभा कर’. थोड्या वेळाने तेच एकमेकांना हुकूम सोडतात. चिंचोके मात्र समोर बसूनच द्या, लहानगे नाकात घालतात.

चिखलदऱ्याकडचे सर
बरोबर. आणि खडूच्या अक्षरावर चिंचोके मांडणं दिसतं छान, पण अक्षर कुठून सुरू करायचं ते त्यातून कळत नाही. आधी परातीत बारीक रेती पसरून बोटाने गिरवू द्या, चिंचोके नंतर.

धारणी तालुक्यातील शिक्षिका
परात पोषण आहाराची आहे, मोहफुलं मुलंच आणतील. सर, मधेमधे मी कोरकू शब्द वापरले तर चालेल? मला मोजकेच येतात.

चिखलदऱ्याकडचे सर
वापराच. उच्चार मुलांनाच विचारा, आनंदाने शिकवतील.