२००१ला नमस्कार सगळे करतात, पण गिरवतात स्टार वॉर्सच!

डबलबॅटरी

साय-फायचा विषय निघाला की आपल्याकडे एक शिरस्ता आहे. कोणीतरी गंभीर चेहऱ्याने '२००१: अ स्पेस ओडिसी'चं नाव घेतं, बाकीचे माना डोलावतात आणि चर्चा मिटते. 'स्टार वॉर्स' म्हणणारा पोरकट ठरतो. मला हे अजिबात पटत नाही. दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिकचा हा सिनेमा (१९६८) थोर आहे, वादच नाही. पण थोरवी वेगळी आणि प्रभाव वेगळा. प्रभावाचा हिशेब मांडायचा तर स्टार वॉर्सवाला जॉर्ज लुकास कितीतरी पुढे आहे.

कथा बाजूला ठेवा, मी कारागिरीबद्दल बोलतोय. २००१ मधल्या 'डिस्कव्हरी' यानाचं मोठं मॉडेल ५४ फूट लांब होतं. त्यावरून कॅमेरा इतका सावकाश सरकवायचे की एका शॉटला तासन् तास लागायचे. आता १९७७च्या स्टार वॉर्सची सुरुवात आठवा. एक चिमुकलं यान जीव घेऊन पळतंय आणि त्याच्या मागून, आपल्या डोक्यावरून, ते अजस्र स्टार डिस्ट्रॉयर येतं. येतच राहतं, संपायचं नाव घेत नाही. ते मॉडेल होतं जेमतेम तीन फुटांचं! इफेक्ट्स सांभाळणाऱ्या जॉन डायक्स्ट्रा आणि त्याच्या पोरांनी कॅमेऱ्यालाच मोटरी बसवल्या, त्याची हालचाल इलेक्ट्रॉनिक यंत्रणेत साठवली आणि तीच हालचाल हुबेहूब पुन्हा पुन्हा करून घेतली. एका खेपेला यान, दुसऱ्या खेपेला इंजिनांचा उजेड, तिसऱ्या खेपेला आणखी काही, आणि सगळे थर एकमेकांवर चपखल बसतात. लढाऊ यानं गिरक्या घ्यायला लागली ती इथून.

हे करायला लुकासने १९७५ साली 'इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक' ही इफेक्ट्सची कंपनी काढली. 'ज्युरासिक पार्क'चे संगणकावरचे डायनोसॉर त्याच कंपनीतले. पिक्सारसुद्धा मुळात लुकासफिल्मच्या संगणक विभागातून फुटून निघालेली कंपनी. २००१ मधून काय निघालं? आदर. भरपूर आदर.

या, तुटून पडा.

उत्तररात्र

तुटून पडायची गरजच नाही, तुमच्याच साक्षीदाराला उभं करतो. हा डायक्स्ट्रा काम शिकला कुठे? 'सायलेंट रनिंग'वर (१९७२), डग्लस ट्रंबुलच्या हाताखाली. आणि ट्रंबुल कोण? २००१ मधला तो शेवटचा रंगांचा बोगदा ज्याने केला तो. तेव्हा तो पंचविशीतला पोरगा होता. अरुंद फटीमागे चित्रं ठेवायची, कॅमेऱ्याचं शटर उघडं ठेवून तो फटीच्या दिशेने सरकवायचा, की एका फ्रेममध्ये उजेडाची अख्खी भिंत उभी राहते. संगणक नाही, काही नाही. पुढे 'क्लोज एन्काउंटर्स' आणि 'ब्लेड रनर'चे इफेक्ट्सही त्याच्याच देखरेखीखाली झाले. म्हणजे ज्याला तुम्ही लुकासचं घराणं म्हणताय त्याचे गुरू कुब्रिकच्या तालमीतले. शिष्याचा बोलबाला झाला म्हणून गुरू निकालात निघत नाही.

आणि हिशेबच मांडताय तर हॅल, २००१ मधला तो बोलणारा संगणक, कुठे गेला? तो तीन गाढ झोपलेल्या शास्त्रज्ञांना मारतो तो प्रसंग पुन्हा बघा. रक्त नाही, किंकाळी नाही, पार्श्वसंगीत नाही. पडद्यावर हृदयाच्या, श्वासाच्या रेषा हळूहळू सपाट होतात आणि यंत्र थंडपणे अक्षरं दाखवतं: जीवनक्रिया समाप्त. बास. नंतर त्याचे एकेक मॉड्यूल काढताना मात्र तो घाबरतो आणि 'डेझी बेल' म्हणू लागतो. बेल लॅब्जमध्ये खऱ्या संगणकाकडून हे गाणं गाऊन घेतलं होतं आणि २००१चा सहलेखक आर्थर क्लार्कने ते तिथे ऐकलं होतं, ही त्या दृश्याची पाळंमुळं. आज यंत्राच्या बुद्धीवर कोणी लेख लिहिला की सोबत हॅलचा तो लाल डोळा छापतात. स्टार वॉर्सचा खलनायक डार्थ व्हेडर नव्हे.

मीठभाकर

मी सामान्य प्रेक्षक. २००१ तीनदा लावला, तीनदा माकडांपाशीच झोपलो. पहिला संवाद यायला पंचवीसेक मिनिटं लागतात हो! ज्या सिनेमासोबत उशी द्यावी लागते त्याचा प्रभाव झोपेवर जास्त, सिनेमावर कमी.

उत्तररात्र

@मीठभाकर, ती पंचवीस मिनिटं पार करा. पुढे अंतराळात जाणाऱ्या विमानातला तरंगता पेन येतो. काचेच्या मोठ्या तावाला पेन चिकटपट्टीने लावलाय आणि काच फिरवताहेत, एवढीच करामत. हवाई सुंदरी पेन उचलते तेव्हा तिच्या बोटांकडे बघा, तो अलगद काचेवरून सुटतो. साठ वर्षं होत आली, अजूनही तिथे कुणाला काच दिसत नाही.

खिडकीतली सीट

मुळात स्टार वॉर्सला साय-फाय म्हणायचं का, यावर आधी बोलू. राजकन्या, म्हातारा गुरू, मंतरलेली तलवार, काळा राक्षस. ही 'चांदोबा'तली गोष्ट आहे, फक्त वाड्याऐवजी यान. लुकासने त्यातलं जपानी दिग्दर्शक कुरोसावाचं ऋण कधी लपवलेलं नाही: 'हिडन फोर्ट्रेस'मधले (१९५८) भांडकुदळ दोन शेतकरी इथे रोबो होऊन येतात. मजा येते, मलाही येते. पण विज्ञान कुठे? अवकाशात स्फोटाचा आवाज येतो ते बघूनच आमच्या फिजिक्सच्या सरांनी टीव्ही बंद केला असता.

प्रभाव म्हणाल तर आहे, आणि वाईट आहे. लुकासने खेळण्यांचे आणि पुढच्या भागांचे हक्क स्वतःकडे ठेवले आणि हॉलिवूडला कळलं की सिनेमा ही खेळण्यांची जाहिरात असू शकते. १९७७च्या नाताळात केनर कंपनीची खेळणी वेळेत तयार झाली नाहीत, तर त्यांनी रिकामं खोकं विकलं! आत फक्त एक कूपन, खेळणं नंतर घरपोच. लोकांनी तेही घेतलं.

डबलबॅटरी

@खिडकीतली सीट, प्रभाव वाईट आहे म्हणजे तो आहे, हे तुम्हीच लिहून दिलंत. आभारी आहे.

@उत्तररात्र, ट्रंबुलचा मुद्दा वजनदार आहे, पण उलटाही वाचता येतो. कुब्रिकची यंत्रं त्या एका सिनेमापुरती होती. सिनेमा झाला, दुकान बंद. लुकासने दुकान चालू ठेवलं, पोरांना कामाला ठेवलं, दुसऱ्यांच्या सिनेमांची कामं घेतली. परंपरा त्यातून बनते. तुमच्या गुरूने एकच ख्याल गायला आणि तंबोरा खुंटीला टांगला.

रीळ नंबर चार

मी बरीच वर्षं थिएटरात प्रोजेक्टर चालवला, त्यामुळे जरा कानाचं बोलतो. तुमची सगळी भांडणं डोळ्यांची चालली आहेत.

स्टार वॉर्समधल्या लाइटसेबरची, म्हणजे उजेडाच्या तलवारीची, ती घूं-घूं आहे ना, ती साउंडवाल्या बेन बर्टला जुन्या प्रोजेक्टरच्या मोटरीत सापडली. त्यात त्याने टीव्हीच्या पिक्चर ट्यूबची गुणगुण मिसळली. मग तो आवाज स्पीकरवर वाजवत ठेवून समोर माइक हवेत फिरवला, म्हणून तलवार फिरली की सूर वळतो. आमच्या केबिनमध्ये रोज तो आवाज असायचा आणि आम्हाला फक्त डोकेदुखी व्हायची! टाय फायटर या लढाऊ यानाची किंकाळी म्हणजे हत्तीचा चीत्कार आणि ओल्या रस्त्यावरून जाणारी गाडी. आजकालच्या साय-फायमधले खोटे, चकचकीत इलेक्ट्रॉनिक आवाज ऐकले की बर्टची आठवण येते. त्याने खऱ्या वस्तूंचे आवाज गोळा केले, म्हणून ते जग वापरलेलं वाटतं.

पण कुब्रिकने त्याच्या नऊ वर्षं आधी उलट धाडस केलं होतं. यानाबाहेर अंतराळवीर असतो तेव्हा फक्त त्याचा श्वास. आणि हॅल त्या फ्रँक नावाच्या अंतराळवीराला ढकलून देतो तेव्हा श्वाससुद्धा बंद. संपूर्ण शांतता. थिएटरात अशा वेळी लोक मागे वळून केबिनकडे बघतात, आवाज गेला की काय म्हणून. माझं मत विचाराल तर दोघांना निम्मं-निम्मं.

जुनी पेठ

१९६८ आणि १९७७ करत बसलाय सगळे. जरा १९२७ला या. फ्रिट्झ लँगचा 'मेट्रोपोलिस'. लुकासचा सोनेरी रोबो सी-थ्रीपीओ बघा आणि लँगची धातूची बाई बघा, एका आईची लेकरं वाटतील, कारण स्टार वॉर्सचा चित्रकार राल्फ मॅक्वारीसमोर तीच होती. 'ब्लेड रनर'चं गगनचुंबी शहरही तिथूनच. आरशाचा ठरावीक भाग खरवडून, उरलेल्या आरशात मॉडेलचं प्रतिबिंब आणि खरवडलेल्या काचेतून पलीकडची खरी माणसं, असं एकाच फ्रेममध्ये टिपायची युक्ती त्या लोकांकडे होती. रॉकेट सोडताना उलटी गिनती करतात तीसुद्धा लँगच्याच १९२९च्या चंद्रावरच्या सिनेमाने रूढ केली.

आणि नशीब बघा. प्रदर्शनानंतर सिनेमा कापून टाकला, तुकडे हरवले, आणि ८० वर्षांनी, २००८ मध्ये, अर्जेंटिनात ब्युनॉस आयर्सच्या एका संग्रहालयात जवळजवळ पूर्ण प्रत मिळाली. हे माझं शेवटचं पोस्ट.

रेघोटी

@जुनी पेठ, आजोबा कर्तबगार होते म्हणून नातवाची कमाई आजोबांच्या खात्यात जमा होत नाही.

माझं मत 'ब्लेड रनर'ला. १९८२च्या जूनमध्ये लागला, दोन आठवडे आधी 'ई.टी.' लागलेला, प्रेक्षक तिकडे. सपशेल आपटला. स्टुडिओने घाबरून हॅरिसन फोर्डचं निवेदन वरून चिकटवलं आणि शेवटी हिरवेगार डोंगर दाखवले. ते डोंगर कुठले? कुब्रिकच्या 'द शायनिंग'चं उरलेलं चित्रीकरण! (घ्या, कुब्रिकवाले, तेवढं तुमच्या खात्यात.) त्यात दिग्दर्शक रिडली स्कॉटला अपेक्षित सिनेमा लोकांना थेट २००७ मध्ये मिळाला.

तरीही भविष्यातलं शहर काढ म्हटलं की आज प्रत्येक जण तेच काढतो: रात्र, पाऊस, निऑन पाट्या, वर प्रचंड जाहिराती, खाली नूडल्सची गाडी. बरं, तो पाऊस आणि धूर निम्मा नाइलाजाचा. स्टुडिओच्या आवारातला जुना, कायमचा रस्त्याचा सेट होता, तो ओळखू येऊ नये म्हणून रात्रीचं काम आणि वरून पाणी. एका अडचणीतून निघालेला देखावा चाळीस वर्षं अख्ख्या जगाने उचलला. लेखक विल्यम गिब्सन तेव्हा 'न्यूरोमॅन्सर' ही साय-फाय कादंबरी लिहीत होता. तो सिनेमा अर्धवट टाकून बाहेर पडला, कारण आपल्या मनातलं जग आधीच पडद्यावर आलेलं बघून त्याच्या पोटात गोळा आला. स्टार वॉर्स बघून कोणाच्या पोटात गोळा आला?

डबलबॅटरी

@रेघोटी, जेम्स कॅमेरॉनच्या. ट्रक चालवत होता, स्टार वॉर्स बघितला आणि नोकरी सोडून सिनेमा करायला लागला. 'टर्मिनेटर' त्यातून आला. शिवाय स्टार वॉर्सचा गल्ला बघूनच फॉक्स स्टुडिओने रिडली स्कॉटचा 'एलियन' (१९७९) हाती घेतला. 'एलियन' नसता तर त्याला 'ब्लेड रनर' कोणी दिला असता?

खिडकीतली सीट

अवांतर: सत्यजित राय यांनी १९६७ मध्ये 'द एलियन' नावाची पटकथा लिहिली होती. कोलंबिया स्टुडिओ तयार होता, अभिनेता पीटर सेलर्सचं नाव घेतलं जात होतं, सिनेमा झालाच नाही. पुढे 'ई.टी.' आला तेव्हा आपल्या पटकथेशिवाय तो शक्य नव्हता असं राय म्हणाले, स्पीलबर्गने इन्कार केला. न झालेल्या सिनेमाचा प्रभाव कोणत्या रकान्यात धरायचा?

उत्तररात्र

@डबलबॅटरी, कॅमेरॉन अर्धाच सांगितलात. पोरवयात २००१ बघून त्याला मॉडेलं आणि इफेक्ट्सचं वेड लागलं, हे तोच सांगतो. वेड कुब्रिकने लावलं, लुकासने फार तर राजीनामा लिहून घेतला.

आणि 'आदर' म्हणालात म्हणून आणखी एक. २०११ मध्ये ॲपलने टॅबलेटच्या डिझाइनवरून सॅमसंगला कोर्टात खेचलं, तेव्हा सॅमसंगने पुरावा म्हणून २००१ मधलं जेवणाचं दृश्य जोडलं: टेबलावर ठेवलेल्या सपाट पडद्यांवर बातम्या बघत दोघं अंतराळवीर जेवताहेत. १९६८चं दृश्य. लाइटसेबर घेऊन कोर्टात कोण गेलंय?

मीठभाकर

जेवणाचं दृश्य कितव्या मिनिटाला आहे तेवढं सांगा, तिथून लावतो.