नरकासुराची खळ आणि फोवांचा रोस: टोप बदलले! पाडव्याला रोस कसा करू?

माशेलकरीण
आज चवदसेला आमच्याकडे जे झालं ते सांगते. पोटभर हसा, पण उत्तरंही द्या, कारण पाडव्याला नणंदेच्या घरची मंडळी फोव, म्हणजे पोहे, खायला येणार आहेत.

वाड्यावरच्या पोरांचा नरकासुराचा पुतळा यंदा आमच्याच अंगणात उभा होता. कागद चिकटवायला जाऊबाईंनी मैद्याची खळ शिजवली आणि लगेच सकाळच्या फोवांसाठी नारळाचा दाट रोसही काढून ठेवला. दोन्ही टोप एकाच मापाचे, दोन्हींवर ताटली. रात्री एक पोरगा आला आणि टोप उचलून घेऊन गेला. थोड्या वेळाने खिडकीतून हाक आली, "वयनी, खळ पातळ जाल्या!" जाऊबाई काळ्या वाटाण्याच्या उसळीत गुंतलेल्या. आतूनच म्हणाल्या, "मैदो घाला मरे." पोरांनी घातला.

पहाटे जाळायला नेईपर्यंत नरकासुराच्या पोटावरचे कागद सुटून लोंबत होते आणि वाड्यावरचा कुत्रा मागच्या पायांवर उभा राहून ते पोट चाटत होता. पोरं हाकलत, तो परत येई. तेव्हाही कोणाच्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

इकडे मामंजींनी अभ्यंगस्नान केलं, तुळशीपुढे कारीट फोडलं आणि रोसात गूळ घालायला बसले. आमच्याकडे तो मान त्यांचा. माडाचा काळा गूळ, वेलची, चिमूटभर मीठ. ढवळता ढवळता म्हणतात, "यंदा रोस बरो दाट आयला." फोवांवर ओतला तर पसरेना. डाव घातला तो उभाच राहिला, आणि उचलला तर सगळे फोव वाडग्याच्या आकारात त्याच्यासोबत वर आले! मामंजींनी तरी दोन चमचे खाल्ले. तिसरा तोंडाशी नेताना सासूबाई ओरडल्या, "अहो, हो रोस न्हय, ही खळ!"

सगळ्यांत जास्त मामंजीच हसले. पण दुधातले, ताकातले, फोडणीचे, बटाट्याचे फोव मांडलेले आणि रोसातले नाहीत, हे मला सोसवेना. मग जाऊबाईंनी चोथ्यात गरम पाणी घालून पुन्हा रस काढला, गूळ टाकून मोठ्या आचेवर ठेवला. बघता बघता वर तेल, खाली दाणे.

तर रोस फाटला का? आणि रात्री काढून ठेवला तर सकाळपर्यंत टिकतो का?

साखळीची आजी
बाय, हसून डोळ्यांतून पाणी आलं. आता ऐक. फोवांचा रोस चुलीवर चढवायचाच नसतो. गूळ पातळ रसात किंवा थोड्या पाण्यात विरघळव आणि गाळ, माडाच्या गुळात कचरा असतो. तो गार झाला की मग दाट रस घाल, वेलची शेवटी. जाडे फोव धुऊन नुसते निथळत ठेव. रोस वाढायच्या जरा आधीच घाल, नाहीतर सगळा पिऊन टाकतात. खोबरं खवताना करवंटीजवळची काळी पाठ येऊ देऊ नकोस. आणि मिक्सरात कोमट पाणीच घाल, कढत घातलंस तर झाकण उडेल.

मडगाव_६७
कारण सांगतो. नारळाच्या रसात तेलाचे बारीक थेंब पाण्यात तरंगत असतात, आणि त्यांना वेगळं ठेवायचं काम प्रथिनं करतात. खळखळून उकळी आली की प्रथिनं गोठतात, त्यांचेच ते दाणे, आणि तेल मोकळं होऊन वर येतं. गुळाचा किंचित आंबटपणा त्यात भर घालतो. फाटलेला रोस टाकू नका, विषारी वगैरे काही नसतो, खिरीत चालेल.

रात्रीचा रोस बाहेर ठेवू नका, आपल्या हवेत आंबतो. फ्रिजमध्ये ठेवलात तर वर पांढरा थर धरेल. घाबरायचं कारण नाही, खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठतं, तेच ते. बाहेर काढून ठेवा, हलवा, मिसळेल. गरम करायला मात्र जाऊ नका.

डिचोलीतून
हसणं राहू दे, आधी सांगा, खळीत मोरचूद (कॉपर सल्फेट) घातलं होतं का? आमच्याकडे झुरळं कागद खाऊ नयेत म्हणून घालतात. ते पोटात जाणं धोक्याचं, उलट्या होतात, यकृत-मूत्रपिंडालाही इजा होते. घातलं असेल तर मामंजींना आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे न्या. आणि पुढच्या वर्षापासून खळीसाठी जुना डबा ठेवा, जेवणाचा टोप नको.

माशेलकरीण
विचारल्याबद्दल खरंच आभार. जाऊबाईंना लगेच विचारलं. मोरचूद नव्हतं, नुसता मैदा आणि पाणी. मामंजी दुपारी उसळ-पोळी जेवून पोरांशी पत्ते खेळतायत. खळीचा डबा आजच वेगळा काढला.

आजी, पाडव्याला पहाटे उठून ताजाच रोस काढते. पाच नारळांना गूळ किती घालू?

साखळीची आजी
नारळामागे अर्ध्या वाटीपासून सुरू कर आणि चाखत चाखत वाढव. माडाचा गूळ प्रत्येक वेळी वेगळा लागतो, गोडही आणि खारटही. म्हणून मीठ गूळ चाखल्यावरच घाल.