लॅपटॉपवर ‘आय७’ लिहिलंय म्हणून जास्त पैसे मोजायचे का?

घोडबंदरवाला:
माझं मत आधीच सांगतो. आय५, आय७ हे इंटेल कंपनीच्या प्रोसेसरवरचे, म्हणजे लॅपटॉपच्या मुख्य चिपवरचे, नुसते शिक्के आहेत, खरी माहिती पुढच्या नंबरात आणि शेवटच्या अक्षरात असते. भाचीला इंजिनीअरिंगसाठी लॅपटॉप हवाय म्हणून गोखले रोडवर चौकशी केली. दुकानदाराचं एकच पालुपद, ‘आय७ आहे, डोळे झाकून घ्या.’ पूर्ण नंबर निघाला १२५५यू, म्हणजे मोठे कोअर (चिपमधले काम करणारे वेगवान भाग) दोन, वीज वाचवणारे छोटे आठ. शेजारच्या स्वस्त आय५-१२५००एचमध्ये मोठे चार, छोटे आठ. यू म्हणजे १५ वॅटची चिप, एच म्हणजे ४५ वॅटची. जड कामात हा आय५ त्या आय७ला आरामात मागे टाकेल. आणि आय५-१२३५यूमध्येही कोअर दोन अधिक आठच! वेग आणि ग्राफिक्स जरा कमी, बस्स.

खारघरकर:
साफ असहमत. नंबर पाठ करत बसणं हे गिऱ्हाइकाचं काम आहे का? आज शिकाल, उद्या कंपनी पाटी बदलेल. २०२३ संपताना कोअर अल्ट्रा आलं आणि नावातला ‘आय’ गळायला लागला. त्यानंतर नुसतं ‘कोअर ५ १२०यू’ आलं, नाव नवं आणि आतली रचना आधीच्याच पिढीची. त्यापेक्षा पासमार्क या चिपच्या वेगाची चाचणी घेणाऱ्या साइटच्या यादीत दोन्ही चिप शोधा, जिचा आकडा मोठा ती घ्या. विषय संपला.

घोडबंदरवाला:
@खारघरकर, यादीतला आकडा कळेल, पण तो तसा का ते कळायला नंबरच वाचावा लागतो. एएमडी या दुसऱ्या कंपनीची रायझन ५ ७५२०यू बघा. त्यांच्या लॅपटॉपच्या सात हजारांच्या मालिकेत तिसरा आकडा आतल्या रचनेचा असतो. इथे तो २, म्हणजे झेन २ नावाची रचना, २०१९ साली आलेली. कोअर चारच, आणि रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली, नंतर वाढवता येत नाही. ७५३०यू म्हणजे झेन ३, सहा कोअर. एका आकड्याने एवढा फरक पडतो, आणि दुकानात दोन्हींची ओळख एकच, ‘रायझन फाइव्ह, सात हजार सीरिज’.

ऐरोली_नाइटशिफ्ट:
यादीवाल्यांनो, तो आकडा लोकांनी आपापल्या मशीनवर चाचणी चालवून पाठवलेल्या निकालांची सरासरी असतो. तुमच्या लॅपटॉपचा नव्हे. चिपला किती वॅट द्यायचे हे लॅपटॉप बनवणारा ठरवतो. आमच्या टीममध्ये एकाच चिपचे दोन लॅपटॉप आहेत. मोठं बिल्ड (कोडपासून प्रोग्राम तयार करायचं जड काम) लावलं की पातळ असलेल्याचा पंखा थोड्याच वेळात किंचाळायला लागतो आणि वेग धाडकन खाली. जाडजूड असलेला शेवटपर्यंत तसाच पळतो. शिवाय रॅमची एकच पट्टी असेल तर चिपमधल्या ग्राफिक्सची रॅमकडे जाणारी अर्धी वाट बंद. हे कुठल्या यादीत दिसणार?

वाशी_टॅलीवाली:
तुमचं चालू द्या! टॅली, एक्सेल, जीएसटी पोर्टल यांना बारा कोअर काय करायचेत? माझ्यासारखीने १६ जीबी रॅम आणि एसएसडी बघावी, चिप गेल्या तीन-चार वर्षांतली कुठलीही चालेल. एक सांगा धागाकर्ते, भाची काय चालवणार आहे? ऑटोकॅड (ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर) असेल तर ते बरंचसं एकाच कोअरवर चालतं, आणि तिथे तुमचा १२५५यू मुळीच मागे पडत नाही, त्याचा कमाल वेग १२५००एचपेक्षा थोडा जास्तच आहे. वर एचची बॅटरी लवकर उतरते. ठाणे लोकलमध्ये लॅपटॉपसोबत चार्जरचं धूड तीच वाहणार आहे, तुम्ही नाही.

घोडबंदरवाला:
बॅटरीचं पटलं. पण कॉम्प्युटर ब्रँच आहे, व्हर्च्युअल मशीन (एका कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा कॉम्प्युटर) लावावी लागणार. तिथे कोअर लागतातच, म्हणून एचच.

ऐरोली_नाइटशिफ्ट:
मग दुकानातल्या डेमो पीसवर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर चिपचं पूर्ण नाव दिसतं. मेमरीवर गेलात की रॅमचे किती स्लॉट आहेत आणि किती भरलेत तेही कळतं. दोनातला एक रिकामा असेल तर भाव करताना दुसरी पट्टी त्यातच मागून घ्या.