वडील डॉक्टरांकडे यायला तयार नाहीत, काय करावं?

बाबा ६४ वर्षांचे, साताऱ्याजवळ गावी आईसोबत राहतात. मी पुण्यात. दिवाळीपासून त्यांचं वागणं पार बदललंय. झोप जेमतेम दोन-तीन तास, अखंड बोलणं, घरात कुणाला न विचारता जमिनीचा इसार देऊन आले. कशावरूनही भडकतात, ताट भिरकावतात. मग काही दिवस अंथरुणातून उठतच नाहीत. आई शेजारच्या काकूंकडे जाऊन बसते आणि फोनवर मला म्हणते, "काही नाही गं, स्वभावच तसा." हा स्वभाव नाही. मला बाबा माहीत आहेत.

आत्या देवऋषाकडे न्या म्हणते. एका नातेवाइकाने जेवणातून गुपचूप गोळ्या द्यायला सुचवलं, ते मला अजिबात पटत नाही.

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलले. समुपदेशक ताई शांतपणे बोलल्या, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा म्हणाल्या. पण "मी काय वेडा आहे का?" म्हणून बाबा उठून जातात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार जवळच्या नातेवाइकाच्या अर्जावर, दोन तज्ज्ञांच्या तपासणीनंतर संमतीशिवायही दाखल करता येतं, पण तो शेवटचा उपाय. तिथवर जायचं नाहीये.

तुमच्यापैकी कुणी अशा माणसाला पहिल्यांदा डॉक्टरांपर्यंत कसं नेलं? थायरॉइड, बी-१२ च्या तपासणीचं निमित्त करून फॅमिली डॉक्टरांकडून सुरुवात केली तर चालेल का? सातारा-कराड भागात घरी येऊन बघणारे मानसोपचारतज्ज्ञ आहेत का? आणि ते चिडलेले असताना आईने नेमकं काय करावं, हे आधी सांगा. ती तिथे एकटी आहे.