मॉरिशस नेमका स्वतंत्र कधी झाला?

दर्यावर्दी: गेल्या महिन्यात पोर्ट लुईला जाऊन आलो. रत्नागिरी-सावंतवाडीकडचे गिरमिटिये (करारावर नेलेले मजूर) उतरले ते हेच बंदर. गाईड म्हणाला, १२ मार्च १९६८ ला आम्ही स्वतंत्र झालो. (दांडीयात्रेची तारीख मुद्दाम निवडलेली.) मला काही हे पटत नाही. १९९२ पर्यंत राष्ट्रप्रमुख इंग्लंडची राणी, शेवटचं अपील आजही लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे, आणि मॉरिशसची चागोस बेटं तर ब्रिटनने १९६५ मध्येच कापून घेतलेली. हे स्वातंत्र्य की हप्त्यांवर घेतलेली गाडी?

आजीचा बटवा: हप्त्यांवर घेतलेली गाडी आपली नसते का? माझ्या मते खरी सुरुवात १९४८ ची. त्याआधी मतदानाला मालमत्तेची नाहीतर उत्पन्नाची अट, मतदार जेमतेम १२ हजार. मग नियम आला: बेटावरच्या कुठल्याही भाषेत साधी वाक्यं लिहिता-वाचता आली की मत, बायकांनासुद्धा. आकडा ७० हजारांवर गेला. समाजसुधारक बसदेव बिसुनदयाळांचे स्वयंसेवक गावोगाव शिकवत होते. दिवसभर ऊस तोडून आलेला माणूस रात्री अक्षरं गिरवायचा, ती मतासाठी. झेंडा त्यानंतर २० वर्षांनी.

खडूस: सगळ्यांनाच हवं होतं असं भासवू नका. १९६७ च्या निवडणुकीत जवळपास ४४ टक्के मतं गेली गाएतां द्युवालच्या पक्षाला, म्हणजे स्वातंत्र्याच्या विरोधात. जानेवारी ६८ मध्ये पोर्ट लुईत दंगल. आवरायला कोण आलं? ब्रिटिश फौज!

आजीचा बटवा: मान्य. पण प्रिव्ही कौन्सिल त्यांनी स्वतःच ठेवलंय. नको झालं तर घटना बदलतील.

दर्यावर्दी: ते सोडा, चागोसचं बोला. ३० लाख पौंड हातावर टेकवले, मॉरिशसचे तेव्हाचे नेते रामगुलाम यांच्याकडून होकार काढला. मग चागोसमधल्या दिएगो गार्सिया बेटावर अमेरिकेचा लष्करी तळ हवा म्हणून १९७३ पर्यंत तिथली सगळी माणसं हुसकली. त्यांची कुत्रीसुद्धा गॅसने मारली. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयानेच मत दिलं की मॉरिशसची वसाहतमुक्ती कायदेशीररीत्या पूर्ण झालेली नाही. आता बोला.

खडूस: मे २०२५ मध्ये ब्रिटन-मॉरिशस करारावर सह्या झाल्या की. त्यानुसार चागोस मॉरिशसचं, तळाची जागा ९९ वर्षांच्या पट्ट्याने ब्रिटनकडे.

आजीचा बटवा: मालक आपण, भाडेकरू हलत नाही. पागडीवाल्या मुंबईकरांना हे वेगळं सांगायला नको!

दर्यावर्दी: पागडीत निदान भाडेकरू घरात तरी राहतो हो. हुसकलेल्यांना दिएगो गार्सियावर परत राहायला जायची सोय या करारातही नाही.